ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद करताना डिटेक्टरच्या बॅटरीचं काय करायचं?

प्रश्न : थंडी सुरू झाली की आम्ही आमचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर झाकून ठेवतो, तो चार-पाच महिन्यांनी उघडतो. पाण्याचे पाईप रिकामे करणं, गॅसचं सिलिंडर बंद करणं हे सगळं बिनबोभाट होतं. वाद होतो तो छताच्या स्मोक डिटेक्टरवरून. आमचे हे म्हणतात, बॅटरी काढून ठेव, नाहीतर आत फुटेल. मी म्हणते, सुरक्षेची वस्तू मुद्दाम बंद का करायची? गेल्या हिवाळ्यात बॅटरी आतच राहिली, तर एका पहाटे ट्रेलरमधून ‘चिक्... चिक्’ असा आवाज येऊ लागला. दुपारी जाऊन पाहिलं तर सगळं शांत! बॅटरी खराब होती की डिटेक्टर? आणि आमच्यात बरोबर कोण?

उत्तर : बॅटरी काढायची, म्हणजे तुमचे हे बरोबर. पण तुमची शंकाही खोटी नाही. फक्त तिची वेळ हिवाळ्यात नाही, ट्रेलर पुन्हा उघडतो तेव्हा येते. ते पुढे सांगते.

आधी पहाटेची चिक्चिक्. बॅटरीतली वीज रासायनिक क्रियेतून येते आणि गारठ्यात ही क्रिया मंदावते. बॅटरीचा आतला रोध वाढतो, त्यामुळे तिच्याकडून जरा जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज लगेच खाली बसतं. डिटेक्टर एरवी अगदी नगण्य वीज खातो, पण ठरावीक वेळाने तो बॅटरीवर थोडा भार टाकून ती अजून दमदार आहे का ते बघतो. रात्रीची सगळ्यात कडक थंडी पहाटे असते, तेव्हा त्याला बॅटरी कमजोर दिसली आणि त्याने तशी सूचना दिली. दुपारी ऊन लागलं, बॅटरी सावरली, सूचना बंद. म्हणजे डिटेक्टर शहाण्यासारखा वागला. बॅटरी पूर्ण संपली नव्हती, पण उतरणीला लागली होती. ताजी असती तर तेवढ्या थंडीत बहुधा तरली असती. शिवाय घरगुती डिटेक्टर बहुतेक साधारण 4 ते 38 अंश सेल्सिअस तापमानासाठी बनवलेले असतात. त्याखाली त्याने केलेला आवाज आणि त्याने धरलेलं मौन, दोन्हींवर फारसा भरवसा ठेवू नये.

आता ‘फुटेल’ हे. ही चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी उघडली तर आत 1.5 व्होल्टचे सहा छोटे सेल एकापुढे एक जोडलेले दिसतात. (उघडू नका, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.) सहाही सेल एकाच वेळी संपत नाहीत. जो आधी संपतो त्याच्यातून उरलेले पाच प्रवाह ढकलत राहतात, त्याच्या आत वायू तयार होतो, दाब वाढतो आणि सील सुटतं. मग बाहेर येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, कातडीला आणि डोळ्यांना चांगलंच झोंबणारं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग झाला की पांढरी खपली धरते. तुम्ही ती जुन्या टॉर्चमध्ये पाहिली असेल. स्फोट वगैरे नाही, गळती म्हणा. पण पितळी पट्ट्या खायला तेवढी पुरते. टॉर्चच्या पट्ट्या मी हातमोजे घालून व्हिनेगरच्या बोळ्याने पुसते आणि पुन्हा वापरते. डिटेक्टरच्या पट्ट्यांवर खपली दिसली तर पुसत बसत नाही, नवा डिटेक्टर लावते. इमारतींच्या फायर अलार्मची देखभाल हे माझं अनेक वर्षांचं काम होतं. ‘चालतंय तोवर चालू दे’ हा न्याय मी या एका वस्तूला लावत नाही.

आणि सुरक्षेचं म्हणाल, तर स्मोक डिटेक्टर आग विझवत नाही, माणसाला उठवतो. कुलूप लावलेल्या, झाकलेल्या ट्रेलरमध्ये तो ओरडला तर उठणार कोण? अपवाद एकच : ट्रेलरला घरातून वीज जोडलेली असेल, आत हीटर किंवा चार्जर चालू ठेवत असाल, किंवा पाहुणे आल्यावर कुणी तिथे झोपायला जात असेल, तर तो ट्रेलर बंद नाही. तिथे डिटेक्टर ताज्या बॅटरीसह चालूच हवा.

खरी गोम पुढे आहे. वसंतातली पहिली सहल. पोचायला उशीर झालेला, मुलं पेंगुळलेली, रात्री गारवा म्हणून हीटर लावलेला, आणि छतावर डिटेक्टर रिकामा! बाहेरून पाहिलं तर तो नेहमीसारखाच दिसतो, हाच घात. म्हणून नुसती बॅटरी काढू नका, अख्खा डिटेक्टर खाली घ्या. बहुतेक मॉडेल्स डावीकडे फिरवली की तळपट्टीतून सुटतात. छतावर उघडी तळपट्टी आणि स्क्रू राहिले की आत शिरणाऱ्या कुणाच्याही डोळ्यांत ते खुपतं. कित्येक डिटेक्टरमध्ये बॅटरी नसेल तर एक खिट्टी वर येते आणि तो तळपट्टीत बसतच नाही. बनवणाऱ्याने विचार करून ठेवलाय, त्याचा फायदा घ्या.

डिटेक्टर आणि बॅटरी एका कापडी पिशवीत घालून घरात ठेवा, आणि पिशवी ट्रेलरच्या कुलपाच्या किल्लीला बांधा. ट्रेलरच्या खणात ठेवलेली वस्तू सापडते ती सहल संपल्यावर, हा आमच्याकडचा अनुभव आहे. 9 व्होल्टच्या बॅटरीचे दोन्ही टोक एकाच बाजूला असतात, हे विसरू नका. खणात सुटी टाकली आणि किल्ली, नाणं किंवा भांडी घासायची तारेची घासणी दोन्ही टोकांना टेकली की शॉर्ट होऊन तिथेच आग लागू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावा. आणि कृपा करून बॅटऱ्या फ्रिजमध्ये ठेवू नका. अल्कलाइन बॅटरी खोलीच्या तापमानाला वर्षाला जेमतेम दोन-तीन टक्के उतरते. फ्रिजमधून बाहेर काढल्यावर तिच्यावर धरणारं दव मात्र नुकसान करतं.

ट्रेलर उघडताना नवी बॅटरी घाला आणि तिच्यावर मार्करने तारीख लिहा. जुनी मल्टिमीटरमध्ये (व्होल्टेज मोजायच्या यंत्रात) जाऊ दे. कोणती घ्यायची हे डिटेक्टरच्या पाठीवर छापलेलं असतं, दुकानदाराला विचारण्याआधी ते वाचा. रिचार्ज होणारी 9 व्होल्टची बॅटरी इथे नको : तिच्यातल्या पुष्कळशा प्रत्यक्षात 8.4 किंवा 7.2 व्होल्टच्याच असतात आणि बऱ्याच नुसत्या पडून उतरतात. लिथियम थंडीत सरस असते यात वाद नाही, पण पाठीवरच्या यादीत तिचं नाव असेल तरच. लिथियम सेल शेवटपर्यंत व्होल्टेज टिकवतो आणि मग एकदम कोसळतो. अल्कलाइनचा हळूहळू उतार गृहीत धरून बनवलेल्या यंत्राला मग आगाऊ सूचना द्यायला वेळच मिळत नाही.

काही डिटेक्टरमध्ये दहा वर्षांची सीलबंद बॅटरी असते. तिला हात लावायचा नाही. मागे ‘बंद’ करायची खाच दिसते, ती हिवाळ्यासाठी नसते. बहुतेक मॉडेल्समध्ये ती एकदा फिरवली की यंत्र कायमचं बाद. असा डिटेक्टर उतरवून सरळ घरात आणा. साध्या डिटेक्टरचंही आयुष्य साधारण दहाच वर्षं, आणि ती मोजायची पाठीवरच्या उत्पादनाच्या तारखेपासून. ट्रेलर दुसऱ्या हाताने घेतला असेल तर आजच पाहून घ्या.

प्रश्न : आमच्या ट्रेलरमध्ये खाली जमिनीजवळ गॅसचा डिटेक्टर आहे. त्याला बॅटरीचा कप्पाच नाही. तो तसाच सोडला तर चालेल ना?

उत्तर : नाही, आणि खरं तर पहिल्या प्रश्नापेक्षा हा खर्चिक आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो डिटेक्टर खाली असतो. त्याची वीज ट्रेलरच्या 12 व्होल्टच्या मोठ्या बॅटरीतून येते, आणि आतला सेन्सर सतत गरम ठेवावा लागत असल्याने तो स्मोक डिटेक्टरपेक्षा कितीतरी जास्त खातो. 0.1 अँपिअर धरा : दिवसाला 2.4 अँपिअर-तास. 100 अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांत अर्ध्यावर येते, दीड महिन्याच्या आत रिकामी. चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे 50 अंशांनाही गोठत नाही. रिकामी झालेली मात्र उणे 10 च्या आसपासच गोठते, कारण तिच्यातलं ॲसिड पातळ होऊन जवळजवळ पाणीच उरलेलं असतं. मग डबा तडकतो आणि नवी बॅटरी घ्यावी लागते.

मेन स्विच बंद केला म्हणून निश्चिंत राहू नका. बऱ्याच ट्रेलरमध्ये गॅस डिटेक्टरची तार त्या स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेली असते. स्विच बंद करून डिटेक्टरचा दिवा बघा. जळत असेल तर बॅटरीची ऋण तार सोडवा, किंवा बॅटरीच घरी आणून अधूनमधून चार्ज करा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह त्याआधी घट्ट बंद. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर शून्याखाली ती चार्ज करायची नाही, एवढंच वेगळं.

प्रश्न : टेस्टचं बटण दाबलं, आवाज आला, म्हणजे डिटेक्टर ठीक, असं समजायचं का?

उत्तर : बॅटरी, सर्किट आणि भोंगा ठीक, एवढंच समजायचं. धूर आत शिरायला वाट आहे का, हे बटण सांगत नाही. बंद ट्रेलरमध्ये कोळी, बारीक किडे आणि धूळ जाळीत घर करतात. म्हणून व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने जाळी साफ करा, मग बटण दाबा. थंडीतून आणलेला डिटेक्टर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत धरलेल्या दवामुळे तो उगाच बोंबलतो. प्रत्येक सहलीआधी आणि मुक्काम लांबला तर आठवड्यातून एकदा ही तपासणी करा. फोडणीच्या धुराने ओरडला तर खिडकी उघडा, आवाज थांबवायचं बटण असेल तर ते दाबा. बॅटरी उपसू नका. जेवणं झाल्यावर ती परत बसवायची आठवण कुणालाच राहत नाही.