बेळगावहून गोव्याला जाऊन दिवसभरासाठी प्रायव्हेट कॅटामरान घेतली तर नेमकं काय काय असतं?

प्रायव्हेट म्हणजे अख्खी बोट तुमची, सोबत फक्त कॅप्टन आणि एखाद-दुसरा पोरगा. कॅटामरान म्हणजे शिडाची बोट, खाली होडीसारखे दोन लांबट सांगाडे असल्यामुळे साध्या बोटीएवढी एका बाजूला कलत नाही, त्यामुळे आईबाबांना पण न्यायला हरकत नाही, पण हलत अजिबात नाही असं कोण सांगत असेल तर ऐकू नका. पुढं दोन सांगाड्यांच्या मधे जाळी ताणलेली असते, सगळे तिथंच जाऊन पसरतात, खालून पाण्याचे शिंतोडे अंगावर येतात आणि खिशातला मोबाईल हमखास भिजतो.

सकाळी समुद्र शांत असतो आणि दुपारी वारा वाढतो, म्हणजे शिडाची खरी मजा दुपारनंतरच. वारा पडला की इंजिनवरच चालवतात, त्यात फसवाफसवी काय नाही. मांडवीतून निघून आग्वादच्या किल्ल्याच्या बाजूनं नेतात, डॉल्फिन दिसले तर दिसले.

चोर्ला घाटातच ज्यांना मळमळतं त्यांनी आदल्या दिवशीच पोचावं, आणि मळमळीची गोळी बोटीत चढायच्या तासभर आधी घ्यावी, उलटी आल्यावर घेऊन काय उपयोग. चपला काढायला लावतात. टॉयलेट असतं पण इवलंसं, त्यात कागद टाकायचा नाही.

बुक करताना जेवण, डिझेल, लाईफ जॅकेट धरून रेट आहे काय ते आधी विचारून घ्या, बेळगावचा माणूस तसा भावात कमी नाहीच की! जून ते सप्टेंबर मात्र विषय सोडा.