बाळ काचेच्या पेटीत, मग दूध कशाला काढायचं?

प्रश्न: आमचं बाळ तिसाव्या आठवड्यातच झालं, आता एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे, नळीने दूध चाललंय. बायको पंप लावून बसते पण चार दिवस झाले तरी बाटलीच्या तळाशी चमचाभरच येतं, मग ती रडते. घरचे म्हणतात कशाला जिवाला त्रास, बाळ ओढत तर नाहीच, पावडरचं दूध द्या. मी काय करू?

उत्तर: दादा, चौथ्या दिवशी चमचाभर म्हणजे काही वाईट नाही हो. बाळ लवकर झालं की दूध उतरायला जरा वेळ लागतो, त्यात टेन्शन, टाके, झोप नाही. आणि एवढ्याशा बाळाला सुरुवातीला एका वेळी एक-दोन मिली दूधच देतात, म्हणजे तुमचा तो चमचा त्याचं पोटभर जेवण आहे! अगदी थेंबच निघाले तरी सिरिंजमध्ये ओढून सिस्टरकडे द्या, चिकाचे थेंब गालाच्या आतून लावतात.

आता बाळ ओढत नाही तर काढायचं कशाला, तर ते ओढत नाही म्हणूनच. चोखणं, गिळणं आणि श्वास ही तिन्ही कामं एका लयीत जमायला गरोदरपणापासून मोजून साधारण 32 ते 34 आठवडे व्हावे लागतात, तोवर स्तनांना मागणी आहे हे कळवायचं काम पंपाचं. काढणं थांबलं की शरीर समजतं गरज नाही आणि दूध आटायला लागतं, मग बाळ ओढायला तयार होईल तेव्हा पंचाईत. म्हणून चोवीस तासांत 8 ते 10 वेळा, रात्रीही एकदा-दोनदा, शक्यतो दोन्ही बाजू एकदम, आणि पंप झाल्यावर हाताने दाबून उरलेलं काढायचं. दोन आठवड्यांत दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर छानच, पण आज त्या आकड्याकडे बघत बसू नका.

पावडरची घाई का नको तेही घरच्यांना सांगा. कमी दिवसांच्या बाळांना आतड्याचा एक गंभीर आजार होतो, आतडं सुजतं, कधी त्याचा भाग निकामी होतो, आणि आईच्या दुधावर असलेल्या बाळांमध्ये तो कमी दिसतो. खरंच कमी पडलं तर मिल्क बँकेचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं, पाश्चराइज केलेलं दूध मिळतं का ते डॉक्टरांना आधी विचारा. आणि हो, पुढे सिस्टर आईच्याच दुधात एक पुडी मिसळतील, ते फॉर्टिफायर असतं, वजन-हाडांसाठी प्रोटीन, कॅल्शियम वगैरे. ते बघून सासूबाई म्हणणार "बघ, तुझं दूध पातळ", तेव्हा तुम्हीच मध्ये पडा.

तुमचं काम म्हणजे पंपाचे भाग गरम साबणाच्या पाण्यात धुऊन ठेवणं, बाटलीवर तारीख-वेळ लिहिणं, रात्री अलार्म लावून तिच्यासोबत उठणं. आणि "किती आलं?" हे विचारणं आजपासून बंद. बाटलीवर पायमोजा चढवून ठेवा, नजर तिकडे जात नाही, बऱ्याच जणींचा पान्हा त्याने सुटतो.

डॉक्टर हो म्हणाले की बाळाला नुसत्या डायपरवर छातीशी घ्या, कांगारू केअर म्हणतात त्याला. तिने घेतलं की दूध वाढायला मदत होते, त्यामुळे बाळाला घेऊन झाल्या झाल्या पंप लावायला सांगा. तुम्हीही घेऊ शकता, शर्टाची बटणं उघडून. पुढे पंप करून रिकाम्या केलेल्या स्तनाला बाळाला नुसतं चाटू-हुंगू देतात, सराव म्हणून, तेव्हा पोटात काही गेलं नाही म्हणून निराश होऊ नका.

प्रश्न: घरी काढलेलं दूध हॉस्पिटलला नेईपर्यंत खराब होतं का?

उत्तर: लगेच फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवा, दारात नको, आणि बर्फाच्या पॅकसोबत थंड पिशवीत न्या. फ्रिजमध्ये किती तास चालेल हे तुमच्या वॉर्डालाच विचारा, एनआयसीयूचे नियम घरच्यापेक्षा कडक असतात. गोठवलेलं एकदा वितळलं की परत गोठवू नका.