ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून थकवा येतो, त्याचे काय करावे?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वाचक मंडळात आम्ही मराठी कादंबऱ्या वाचून त्यांवर चर्चा करतो. माझे मत असे झाले आहे की, अलीकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्या एका थोर पुरुषाभोवती विशेषणांची आरास मांडतात, प्रेमकथा गुळगुळीत असतात, अद्भुतरम्य कादंबरी मराठीत जवळजवळ नाहीच, आणि समकालीन कादंबरी वाचून मन खिन्न होते. हे मत आपल्याला पटते का? पुढील बैठकांसाठी कोणती पुस्तके घ्यावीत?
– एक वाचक, जिल्हा सांगली

उत्तर : ऐतिहासिक कादंबरीविषयीची आपली तक्रार मला बव्हंशी मान्य आहे, मात्र तिचे मूळ थोर पुरुषात नाही. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’च्या (१९६२) केंद्रस्थानीही थोरले माधवराव पेशवेच आहेत. पण पानिपतानंतरचे राज्याचे कर्ज, रघुनाथरावांशी असलेला घरातलाच झगडा आणि क्षयाने पोखरलेले शरीर यांचे ओझे त्या तरुण माणसावर सतत जाणवते, म्हणून त्याचे मोठेपण वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. पुढे अनेकांनी त्या कादंबरीतली दरबारी भाषा तेवढी उचलली आणि त्यामागची विवंचना सोडून दिली. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) आपल्या मंडळाने पुन्हा काढून वाचावी, असे मी आग्रहाने सुचवेन. १४ जानेवारी १७६१ रोजी काय झाले हे मराठी वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते, तरीही तो पुढे वाचत राहतो, कारण अब्दालीने रसद तोडल्यावर लढवय्यांसोबत यात्रेकरू, बायका आणि बुणग्यांचा केवढा तरी पसारा सांभाळणाऱ्या छावणीत धान्य आणि वैरण कशी संपत गेली, हा प्रश्न तलवारीच्या खणखणाटापेक्षा अधिक जीवघेणा ठरतो. कोणतीही नवी ऐतिहासिक कादंबरी हाती घेतली की, यातले सैन्य जेवते काय, पैसा कोठून येतो आणि घोड्यांना दाणा कोण घालतो, एवढे पाहावे. लेखकाने बखरी आणि कागदपत्रे किती मन लावून वाचली आहेत, ते तेथेच कळते.

रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) आपल्या यादीत नसेल, तर आधी ती घ्यावी. एका कुळाच्या निमित्ताने ती शतकानुशतकांचा काळ ओलांडत आजपर्यंत येते आणि तिच्यात राजे दूर, तर पाटील, शेती, लग्नसंबंध आणि भाऊबंदकी जवळ आहेत. ती मोठी आहे, काही ठिकाणी पसरटही वाटते, त्यामुळे एका बैठकीत उरकण्याचा प्रयत्न करू नये.

प्रेमकथांबाबत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ अगदी अलीकडची नसली, तरी तिच्याइतकी न गुळगुळीत प्रेमकथा मला चटकन आठवत नाही. घरात राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघेही प्रेम करतात. भावाचा भाग त्या निघून गेलेल्या माणसाला उद्देशून आहे, बहिणीचा भाग रोजनिशीचा आहे, आणि ज्याच्यासाठी हे सारे घडते त्याचे नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. दोन्ही भाग वाचून झाल्यावर तो माणूस दोघांना किती निरनिराळा दिसला होता हे लक्षात येते, आणि मला तर ती कादंबरी तेथेच खरी सुरू झाल्यासारखी वाटते.

अद्भुतरम्याविषयी थोडक्यात सांगतो. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाले’पासून (१८६१) मराठी कादंबरीचा बराचसा आरंभकाळ अद्भुताचाच होता, आणि नारायण धारपांनी पुढे भय आणि अद्भुत यांचा मोठा वाचकवर्ग तयार केला. आज प्रौढांसाठीचे असे नवे लेखन विरळ आहे, ही आपली खंत रास्त आहे, आणि ती माझीही आहे.

समकालीन कादंबरी खिन्न करते, या कारणासाठी तिला दूर ठेवू नये, अशी माझी विनंती आहे. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणाने उठवलेल्या गावातला माणूस, मागे राहिलेल्या आणि रानटी झालेल्या म्हशीला आणायला परततो, एवढ्या सूत्रावर ती उभी आहे. पुनर्वसनाची आकडेवारी आपण वर्तमानपत्रांत वाचतो; येथे मात्र ज्या जनावराला आपण घरचे समजत होतो, ते आपल्याला ओळखेल की अंगावर येईल, या धास्तीत विस्थापन समोर उभे राहते. तिची बोली मधूनमधून अडवेल, परंतु आपल्या भागातल्या वाचकांना ती फार परकी वाटू नये. बैठकीत तिची काही पाने मोठ्याने वाचावीत आणि चर्चा त्यानंतर सुरू करावी.

माझ्या मते आधी ‘रिंगाण’ घ्यावी, मग ‘कोबाल्ट ब्ल्यू’, आणि ‘सातपाटील कुलवृत्तांत’साठी निदान दोन महिने राखून ठेवावेत.