आवडतं काम हेच बक्षीस

प्रश्न : दादरला आमचं साड्यांचं दुकान आहे. चारही मुली गिऱ्हाइकाला पैठण्या दाखवायला पुढे. घड्या घालायला, स्टॉक मोजायला कुणीच नाही. सध्या पगार वाढवणं जमणार नाही. काय करू?

उत्तर : ताई, पैठणी दाखवणं हेच तुमच्या हातातलं बक्षीस आहे. मी गिरगावात छापखाना चालवायचो. फर्मे, म्हणजे पुस्तकाचे छापून दुमडलेले कागद, क्रमाने जुळवायला पोरं कंटाळायची, मशीनवर उभं राहायला धडपडायची. मी ठरवलं : दोनशे प्रती नीट जुळव, की लगेच तासभर मशीन तुझं. 'उद्या देतो' म्हटलं की जोर ओसरायचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांनी १९५९ साली हेच मुलांवर पाहिलं. पिनबॉल हा यंत्रावरचा खेळ आवडणारी मुलं तो खेळायला मिळावा म्हणून गोड गोळ्या जास्त खाऊ लागली.

आधी आठवडाभर नुसतं बघा, मोकळ्या वेळात कोण कुठे वळतं. एखादीला मोजणीच आवडत असेल. पण शिक्षा म्हणून घड्या घालायला लावू नका. मी एकदा तसं केलं आणि गुणी मुलगा सोडून गेला, अजून सलतं. आणि काउंटरवर कमिशन असेल, तर ते आधी चौघींत सारखं वाटा.