हायेक वाचायला घेताना

अभिजात उदारमतवादाचा (व्यक्तिस्वातंत्र्य, खुला बाजार आणि मर्यादित सरकार यांवर भर देणाऱ्या विचारधारेचा) अभ्यास नुकताच सुरू करणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, या परंपरेतले अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी सामाजिक न्यायाला मृगजळ म्हटले एवढ्यावरून ते गरिबांच्या विरोधात होते, असा निष्कर्ष घाईने काढू नका. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातला युक्तिवाद वेगळाच आहे. न्याय-अन्याय हा माणसाच्या कृतीचा गुण असतो; बाजारात कोणाच्या वाट्याला काय येईल हे कोणीच ठरवलेले नसते, मग त्या वाटपाला अन्याय्य तरी कोणत्या अर्थाने म्हणायचे? शिवाय ठरावीक वाटप टिकवायचे, तर सर्वांना समान नियम लावणे सोडून सरकारला प्रत्येकाच्या व्यवहारात हात घालावा लागेल, ही त्यांची खरी धास्ती होती. तरीही बाजाराबाहेर किमान उत्पन्नाची हमी देण्यास त्यांचा विरोध नव्हता, आणि न्याय्य वाटपाचा सिद्धांत मांडणारे तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्याशी असलेले मतभेद आशयापेक्षा शब्दांचे अधिक वाटतात, असे त्यांनी त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिले आहे (समर्थक आणि टीकाकार दोघेही हे पान बहुधा उलटून पुढे जातात).

त्यानंतर तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांचे १९७४ मधील बास्केटबॉलपटूचे उदाहरण वाचा. सुरुवातीला संपत्तीचे वाटप तुम्हाला न्याय्य वाटेल तसेच झाले आहे, असे धरा; मग १० लाख प्रेक्षक तिकिटामागे २५ सेंट त्याला खुशीने देतात आणि त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात. मूळचे वाटप मोडले, पण अन्याय कोणी केला? उदाहरण बिनतोड वाटते. मात्र सुरुवातीची मालमत्ता न्याय्य मार्गाने आली होती हे त्यात गृहीत आहे, आणि भूतकाळातल्या बळजबरीसाठी नोझिक यांनाही अन्याय-निवारणाचे तत्त्व मांडावे लागले, जे त्यांनी फारसे विस्ताराने सांगितलेले नाही. माझ्या मते तुमच्या टिपणवहीत सर्वाधिक जागा याच प्रश्नाला द्यावी.