अल्पाइन लिनक्सच्या लहान सर्व्हरवर रोजची कामे ठरावीक वेळी कशी चालवावीत?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तुमच्याकडे ५१२ एमबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर आहे, त्यावर अल्पाइन लिनक्स आहे आणि रोज रात्री तीन कामे आपोआप व्हावीत अशी तुमची अपेक्षा आहे: पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप, वेबसाइटच्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण आणि जुन्या बॅकअप फाइलींची साफसफाई. यापूर्वी तुम्ही उबंटूवर सिस्टमडीचे, म्हणजे तेथे सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेचे, टायमर वापरत होता आणि ते येथे नाहीत, म्हणून एखादा वेगळा शेड्यूलर बसवावा का, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय बॅकअपची स्क्रिप्ट हाताने चालवली की व्यवस्थित चालते, मात्र 'पिरिऑडिक'मधील 'डेली' डिरेक्टरीत 'बॅकअप डॉट एसएच' या नावाने ठेवूनही रात्री ती चालत नाही, अशी तुमची तक्रार आहे.

वेगळे काहीही बसवू नका. अल्पाइनची बहुतेक मूलभूत साधने बिझीबॉक्स या एकाच लहान प्रोग्रॅममधून येतात आणि त्यातच क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारा प्रोग्रॅमही असतो. तो चालू आहे का आणि मशीन पुन्हा सुरू झाल्यावर आपोआप सुरू होतो का, एवढे मात्र ओपनआरसीच्या (अल्पाइनवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) सेवांच्या यादीत पाहून घ्या, कारण काही तयार प्रतिमांमध्ये तो बंद ठेवलेला असतो. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीत, पाच ओळी आधीच लिहिलेल्या सापडतील. दर पंधरा मिनिटांनी, दर तासाला, रोज पहाटे २ वाजता, दर शनिवारी ३ वाजता आणि दर महिन्याच्या १ तारखेला ५ वाजता 'रन-पार्ट्स' ही आज्ञा आपापल्या डिरेक्टरीतील स्क्रिप्ट एकामागून एक चालवते. तुमच्या कामांसाठी एवढे पुरेसे आहे, आणि स्क्रिप्ट नावाच्या क्रमाने एकेक करून चालत असल्यामुळे ५१२ एमबीच्या मशीनवर दोन जड कामे एकाच वेळी बसत नाहीत, हा वरचा फायदा.

तुमची स्क्रिप्ट न चालण्याचे कारण बहुधा तिच्या नावातील टिंब हे आहे. रन-पार्ट्स केवळ अक्षरे, अंक, जोडरेघ आणि अधोरेषा असलेलीच नावे ग्राह्य धरते. नावात टिंब दिसले की ती फाइल कोणतीही सूचना न देता सोडून देते. हा नियम विचित्र वाटतो, पण निरर्थक नाही. एडिटरने मागे ठेवलेल्या जुन्या प्रती, किंवा पॅकेज अद्ययावत करताना अल्पाइनने 'डॉट एपीके-न्यू' अशा शेपटीसह ठेवलेल्या फाइली, चुकून रात्री चालू नयेत यासाठी ही गाळणी उपयोगी पडते. गोंधळ वाढतो तो लॉगमुळे. सिस्टमच्या लॉगमध्ये पहाटे २ वाजता क्रॉनने रन-पार्ट्स चालवल्याची नोंद तुम्हाला रोज दिसेल, आणि ती खरीच असते. रन-पार्ट्सने आत जाऊन तुमच्या फाइलीकडे दुर्लक्ष केले, हे मात्र त्या नोंदीत कोठेही नसते. म्हणून फाइलीचे नाव नुसते 'बॅकअप' ठेवा, तिला चालवण्याची परवानगी द्या आणि रन-पार्ट्सला 'टेस्ट' हा पर्याय देऊन ती डिरेक्टरी दाखवा. या पर्यायात काहीही न चालवता, आपण काय चालवले असते तेवढी नावे ती छापते. त्या यादीत तुमचे नाव दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

याच ठिकाणी दुसरा एक सापळा आहे. उबंटूवरून आणलेल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बहुधा बॅश या शेलचा, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता असतो आणि अल्पाइनवर बॅश मुळात नसतो. तुम्ही हाताने चालवताना 'एसएच' (अल्पाइनवरचा साधा शेल) लिहून पुढे फाइलीचे नाव देत असाल, तर ती पहिली ओळ केवळ टिप्पणी ठरते आणि स्क्रिप्ट चालते. रन-पार्ट्स मात्र फाइल थेट चालवते, त्या ओळीतील पत्त्यावर बॅश शोधते आणि तो न सापडल्याने थांबते. पहिली ओळ साध्या 'एसएच'ची करा आणि बॅशचीच म्हणून काही खास रचना स्क्रिप्टमध्ये वापरली असेल तर ती बदला. हाताने चाचणी घ्यायची असेल तर तीही रन-पार्ट्समार्फतच घ्या, म्हणजे रात्री जसे होणार आहे तसेच दिवसा होईल.

इंटरनेटवर क्रॉनविषयी मिळणारा बराचसा सल्ला पॉल व्हिक्सी यांच्या १९८७ सालच्या क्रॉनपासून निघालेल्या आवृत्त्यांसाठी लिहिलेला असतो आणि तो येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. उदाहरणार्थ, डेबियनच्या मुख्य क्रॉनटॅबमध्ये वेळेच्या पाच रकान्यांनंतर वापरकर्त्याचे नाव लिहावे लागते; अल्पाइनवर रूटच्या फाइलीत तशी ओळ चिकटवली तर क्रॉन 'रूट' नावाची आज्ञा शोधू लागतो. आपल्या हाताने ओळी लिहिणार असाल तर आणखी एक सूचना: क्रॉनटॅब संपादित करण्याचा पर्याय 'ई' आणि ती सबंध पुसून टाकण्याचा पर्याय 'आर' ही दोन अक्षरे कीबोर्डवर शेजारी-शेजारी आहेत, आणि पुसण्यापूर्वी खात्री करून घेतली जाईलच असे धरून चालू नका. मी क्रॉनटॅबची प्रत नेहमी वेगळ्या फाइलीत ठेवतो आणि तीच फाइल क्रॉनटॅबला देतो.

आता वेळेविषयी. भाड्याच्या सर्व्हरचे घड्याळ सहसा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असते आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. त्यामुळे 'पहाटे २'चे काम प्रत्यक्षात आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होते आणि 'महिन्याच्या १ तारखेला ५ वाजता' हे काम सकाळी साडेदहाला, म्हणजे कार्यालये उघडून लोक कामाला बसत असतानाच. वेळेतून साडेपाच तास वजा करून ओळी लिहिता येतात, पण तारखेचा पेच तरीही उरतो. आपल्या १ तारखेच्या रात्री १ वाजता यूटीसीमध्ये मागील महिन्याची शेवटची तारीख चालू असते, ती ३१, ३०, २८ किंवा २९ यांपैकी काहीही असू शकते आणि 'महिन्याचा शेवटचा दिवस' असे क्रॉनच्या रकान्यांत सरळ लिहिता येत नाही. सर्व्हरचे सर्व वापरकर्ते भारतातच असतील तर सरळ सेटअप-टाइमझोन या आज्ञेने आशिया/कोलकाता हा टाइमझोन निवडा आणि त्यानंतर क्रॉन पुन्हा सुरू करा. आपल्याकडे उन्हाळी वेळेसाठी घड्याळे मागेपुढे होत नाहीत, त्यामुळे एखादे काम वर्षातून एकदा गळण्याची किंवा दोनदा होण्याची परदेशातील डोकेदुखी आपल्याला नाही.

येथपर्यंतचे उत्तर 'काम वेळेवर सुरू कसे करावे' याचे झाले. माझ्या मते तुमच्या योजनेतील खरा धोका वेगळाच आहे आणि तो बॅकअप व साफसफाई ही दोन स्वतंत्र कामे ठेवण्यात आहे. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका सार्वजनिक वाचनालयाच्या सभासदांची आणि देवघेवीची नोंद ठेवणारा असाच एक लहान सर्व्हर मी सांभाळत होतो. रोज रात्री पीजी_डंप या पोस्टग्रेसच्या बॅकअप साधनाचे आउटपुट पाइपमधून, म्हणजे थेट पुढच्या आज्ञेकडे, जीझिप या डेटा दाबून लहान करणाऱ्या साधनाला जाई आणि तारखेच्या नावाची फाइल तयार होई. अर्ध्या तासानंतर दुसरे काम चौदा दिवसांपेक्षा जुन्या फाइली पुसून टाकी. एका दुपारी कोणाच्या तरी हातून सभासदांच्या वर्गणीच्या बऱ्याच नोंदी पुसल्या गेल्या आणि मी निश्चिंतपणे बॅकअपची डिरेक्टरी उघडली. रोजची फाइल जागेवर होती, नावेही बरोबर होती, आणि एकूण एक फाइल बरोबर २० बाइटांची होती.

रिकाम्या आउटपुटला जीझिप केले की नेमके २० बाइट होतात. झाले असे होते की डेटाबेसचा सर्व्हर नव्या प्रमुख आवृत्तीवर नेला गेला आणि बॅकअप घेणाऱ्या मशीनवरील पीजी_डंप जुनाच राहिला. आपल्यापेक्षा नव्या प्रमुख आवृत्तीच्या डेटाबेसचा बॅकअप घेण्यास पीजी_डंप नकार देतो आणि तसा स्पष्ट संदेशही छापतो; पण तो संदेश वाचायला रात्री कोणी नव्हते आणि मेल पाठवण्याची व्यवस्था त्या सर्व्हरवर नव्हती. पाइपचा निकाल शेवटच्या आज्ञेवरून ठरतो, आणि जीझिपने आपले काम, म्हणजे शून्य बाइट दाबून ठेवण्याचे, यशस्वीपणे केले होते. क्रॉनच्या लेखी सारे सुरळीत होते. साफसफाईच्या कामाने तर आपली जबाबदारी इतक्या निष्ठेने पार पाडली की चौदा दिवसांनंतर शेवटचा चांगला बॅकअपही त्याने पुसला. वर्गणीच्या नोंदी आम्ही पावतीपुस्तकांवरून पुन्हा भरल्या. कार्बनच्या प्रती इतक्या मोलाच्या असतात हे मला त्या आठवड्यात कळले.

तेव्हापासून मी दोन्ही कामे एकाच स्क्रिप्टमध्ये, ठरावीक क्रमाने ठेवतो. स्क्रिप्टच्या आरंभी कोणतीही आज्ञा फसल्यास तेथेच थांबण्याची सूचना असते आणि आवश्यक तो पाथ, म्हणजे आज्ञा शोधायच्या डिरेक्टरींची यादी, स्वतः लिहिलेला असतो, कारण टर्मिनलमध्ये तुम्हाला मिळणारे वातावरण क्रॉनला मिळेलच असे नाही. त्यानंतर पीजी_डंपला 'कस्टम' फॉरमॅटमध्ये थेट फाइलीत लिहायला सांगतो. या फॉरमॅटमध्ये डेटा आधीच दाबलेला असतो, त्यामुळे पाइप आणि जीझिप दोन्हींची गरज उरत नाही. फाइल प्रथम तात्पुरत्या नावाने लिहिली जाते. मग बॅकअप परत भरणाऱ्या पीजी_रीस्टोरला 'लिस्ट' पर्याय देऊन त्या फाइलीतील अनुक्रमणिका वाचून पाहतो, आणि ती वाचता आली तरच फाइलीला तारखेचे कायमचे नाव मिळते. यानंतर फाइलीची प्रत दुसऱ्या मशीनवर जाते. जुन्या फाइली पुसण्याची ओळ या सर्वांच्या नंतर येते. म्हणजे आजचा बॅकअप फसला तर स्क्रिप्ट त्या ओळीपर्यंत पोहोचतच नाही आणि जुने बॅकअप सुरक्षित राहतात; डिस्क भरेल, पण भरलेली डिस्क निदान आरडाओरडा तरी करते. तुम्हाला पाइप ठेवायचाच असेल तर बिझीबॉक्सच्या शेलमध्ये, मधली आज्ञा फसली तरी सारा पाइप फसला असे धरणारा 'पाइपफेल' हा पर्याय चालतो, तो तरी लावा.

स्क्रिप्टच्या अगदी शेवटी एक ओळ बाहेरच्या जगासाठी हवी. डब्ल्यूगेट या वेब पत्ते उघडणाऱ्या आज्ञेने एका ठरलेल्या पत्त्यावर एक विनंती पाठवायची. पलीकडे असलेली सेवा, किंवा तुमचेच दुसरे एखादे मशीन, ठरलेल्या वेळेत ही विनंती आली नाही तर तुम्हाला कळवते. चूक झाल्यावर मेल पाठवण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक विश्वासार्ह वाटते, कारण सर्व्हरच बंद पडला, क्रॉन थांबला किंवा फाइलीच्या नावात टिंब राहिले, तर चूक झाल्याचा मेल पाठवायलाही कोणी जागेवर नसते. स्क्रिप्टचे सर्व आउटपुट, चुकांसह, एका लॉग फाइलीत वळवून ठेवावे हे वेगळे सांगायला नको.

प्रमाणपत्राचे काम सोपे आहे, मात्र ते रात्रीच्या रांगेत बसवू नका. बॅकअप कधी लांबला तर रन-पार्ट्समधील त्याच्या मागचे सारेच खोळंबते. प्रमाणपत्रे मिळवणाऱ्या व नूतनीकरण करणाऱ्या सर्टबॉट या साधनाची शिफारस दिवसातून दोनदा, तासाच्या मधल्याच कोणत्या तरी मिनिटाला तपासणी करण्याची आहे, म्हणून रूटच्या क्रॉनटॅबमध्ये स्वतंत्र ओळ लिहा: मिनिटांच्या रकान्यात ३७ सारखा आडनिडा आकडा, तासांच्या रकान्यात स्वल्पविरामाने जोडलेले ६ आणि १८, आणि पुढे तीन तारका. मुदत जवळ आली नसेल तर सर्टबॉट काहीही न करता परत जातो. नूतनीकरणानंतर वेब सर्व्हरला नवे प्रमाणपत्र वाचायला लावणारी 'डिप्लॉय हुक' विसरू नका. ती नसेल तर डिस्कवर नवे प्रमाणपत्र आणि वेबसाइटवर जुने, असा प्रकार होतो. मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने मुदत संपत आल्याचे मेल पाठवणे ४ जून २०२५ पासून बंद केले आहे, आणि सीए/ब्राउझर फोरमच्या (प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था व ब्राउझर कंपन्यांच्या मंचाच्या) निर्णयानुसार १५ मार्च २०२९ पासून प्रमाणपत्राची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे. त्यामुळे वर सांगितलेली बाहेरची विनंती या कामालाही जोडा.

सिस्टमडीची उणीव तुम्हाला एका ठिकाणी भासेल, पण आधी दुसरी एक शंका मिटवतो. एखादे काम अजून चालू असताना टायमर त्याची दुसरी प्रत सुरू करत नसे. बिझीबॉक्सचा क्रॉनही क्रॉनटॅबमधील त्याच ओळीचे काम चालू असेल तर ते पुन्हा सुरू करत नाही; पण तेच काम हाताने किंवा दुसऱ्या ओळीतूनही सुरू होऊ शकत असेल, तर ते एफलॉक या, एका वेळी एकच प्रत चालू देणाऱ्या आज्ञेच्या आधीन ठेवा. उणीव भासेल ती मशीन बंद असताना हुकलेले काम ते पुन्हा सुरू झाल्यावर भरून काढण्याची. हे बिझीबॉक्सचा क्रॉन करत नाही, परंतु चोवीस तास चालू असणाऱ्या भाड्याच्या सर्व्हरवर त्याची फारशी निकड नसते. हीच मांडणी उद्या घरातील, लोडशेडिंग सोसणाऱ्या मशीनवर नेणार असाल, तर काम दर तासाच्या डिरेक्टरीत ठेवा आणि आजचा बॅकअप आधीच झाला असेल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच बाहेर पडा.

आज रात्री फाइलीचे नाव आणि पहिली ओळ बदला, आणि उद्या सकाळी लॉग न पाहता प्रथम बॅकअपच्या फाइलीचा आकार पाहा. फाइलच नसेल, तर रन-पार्ट्सच्या 'टेस्ट' पर्यायाचे आउटपुट आणि स्क्रिप्टची पहिली ओळ येथे लिहा. फाइल २० बाइटांची असेल, तर दोन्हीकडच्या पोस्टग्रेसच्या आवृत्त्या कळवा.