घरच्या वर्कशॉपमधली हत्यारं वाढत चालली आहेत, ती नीट लावायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बडोद्याच्या समा भागात तळमजल्यावर जिन्यामागे सहा बाय आठची खोली, तिथेच सुतारकाम आणि तिथेच गाडीची किरकोळ दुरुस्ती. हत्यारं पत्र्याच्या दोन पेट्यांत मावेनाशी झाली आहेत. आता चाकांची ड्रॉवरवाली ट्रॉली घ्यावी की भिंतीवर पेगबोर्ड, म्हणजे हूक अडकवायची भोकाभोकांची फळी, मारावा? मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी केली, आता दांडिया बाजारात घरच्या घरी खुडबुड चालते. माझं म्हणाल तर सध्या दोन्ही घेऊ नका.

आधी एक कसोटी धरा : कुठलंही हत्यार काढताना दुसरं हत्यार उचलावं लागता कामा नये. पेटी इथेच नापास होते. १२-१३चा पाना हवा असतो तेव्हा तो नेमका हातोडीखाली आणि हातोडी पाइप पान्याखाली. वेळ जातो तो वेगळाच, पण खरं नुकसान हत्यारांचं होतं. कानस चांगलीच कडक असते. ती पटाशीवर घासली की पटाशीची धार जाते, आणि कानशी एकमेकींवर आपटल्या की त्यांचेच दाते बोथट होतात. गुण्या एकदा जड वस्तूखाली दबला की तो काटकोन राहिला आहे की नाही, हे मापून बघेपर्यंत कळत नाही.

म्हणून पहिलं काम खरेदीचं नाही, निवडण्याचं. सगळं जुन्या चादरीवर पसरा, पण प्रकाराप्रमाणे ढीग घालू नका. वापराप्रमाणे घाला. ज्याला दर आठवड्याला हात लागतो ते एकीकडे, अधूनमधून लागणारं दुसरीकडे, आणि वर्षभरात ज्याच्याकडे बघितलंही नाही ते तिसरीकडे. पान्यांचा आठाचा संच एकत्रच राहायला हवा असं आपल्याला उगाच वाटतं. ६-७पासून २०-२२पर्यंतच्या त्या संचातले दुचाकीला रोज लागणारे म्हणजे १०, १२ आणि १४ तोंडाचे, म्हणजे तीनच पाने. ते हाताशी टांगा, बाकीचे ड्रॉवरमध्ये गेले तरी काही बिघडत नाही.

तिसरा ढीग मोठा निघेल, आणि तो फेकवणारही नाही. या गावात १८९० पासून कलाभवन ही तंत्रशाळा चालली, म्हणूनही असेल, पण जुन्या वाड्यांचे माळे रिकामे होतात तेव्हा त्यातून असे काही रंधे आणि सामान बाहेर पडतं की मोह आवरत नाही. हा तुमचा संग्रह. त्याला तेल पुसून, गुंडाळून वेगळ्या पेटीत वरच्या मजल्यावर पाठवा. कामाच्या खोलीतली जागा त्याने अडवायची नाही.

आता भिंत. पेगबोर्डला माझा विरोध तत्त्वाचा नाही, त्याच्या हुकांचा आहे. हत्यार काढलं की हूकही हातात येतो, आणि हातोड्यांसारखं जड सामान त्यावर लोंबकळत राहतं. त्यापेक्षा १८ मिमी प्लायचा एक तुकडा घ्या आणि त्यावर सरळ स्क्रू आणि लाकडी खुंट्या मारा. स्वस्तही पडतं. हाताला थोडं काम हवं असेल तर फ्रेंच क्लीट करा : प्लायच्या तीन-चार इंची पट्ट्या एका कडेला ४५ अंशांत चिरायच्या. भिंतीवरच्या पट्टीची वरची कड भिंतीच्या दिशेने खाली उतरती ठेवायची, म्हणजे पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये खाच तयार होते. हत्याराच्या घोडीच्या, म्हणजे ते अडकवायच्या लाकडी आधाराच्या, पाठीला तशीच पट्टी उलटी मारली की ती त्या खाचेत अडकून बसते. आज करवतीची घोडी डावीकडे, उद्या नवीन हातकरवत आली की घोडी उचलून दोन फूट उजवीकडे. स्क्रू काढायला लागत नाही. तुमची हत्यारं वाढती आहेत ना, मग तुमच्यासाठी हेच योग्य.

प्लाय भिंतीला चिकटवू नका. मागे इंचभर जाड लाकडी पट्ट्या द्या म्हणजे हवा फिरेल. खोलीची एखादी भिंत बाहेरची, पावसाचा मारा खाणारी असेल तर ती सोडूनच द्या. आमच्यासारखी चुन्याची जुनी भिंत असेल तर प्लग चुन्यात धरत नाही, विटेतच भोक पडलं पाहिजे. नाहीतर प्लायला खाली पाय देऊन तो जमिनीवर उभा करावा आणि वर फक्त टेकवावा.

टूलरूममध्ये प्रत्येक हत्यारामागे त्याची आकृती रंगवलेली असे. ते बघून लोक घरीही रंगवतात. कारखान्यात संच ठरलेला असतो, तिथे ते शोभतं. वाढत्या संग्रहात आकृती रंगवली की पुढचं हत्यार येताच सगळा बोर्ड चुकीचा होतो. तिथली दुसरी पद्धत मात्र घरी जरूर आणा. हत्यार नेणाऱ्याचं नंबरचं पितळी टोकन त्या रिकाम्या खुंटीवर लागायचं. घरी टोकन नको, चार इंचांची पुठ्ठ्याची पट्टी पुरे. शेजारच्या काकांनी पाइप पाना नेला की त्यांचं नाव खुंटीला लटकवा. परत मागताना अवघड वाटत नाही, कारण नाव त्यांनाही दिसत असतं.

ड्रॉवरचा मुद्दा सविस्तर सांगतो, कारण फरक तिथेच पडतो. ड्रॉवर पाच-सहा इंच खोल असला, तर ती पुन्हा पेटीच झाली. आतली खोली दोन ते अडीच इंच हवी. म्हणजे एकच थर मावतो, दुसऱ्या थराचा मोहच होत नाही. टेलिस्कोपिक चॅनलचा, म्हणजे ड्रॉवर सरकवायच्या धातूच्या पट्ट्यांचा, खर्च टाळायचा असेल तर ड्रॉवरचा ६ मिमीचा तळच दोन्ही बाजूंनी ८-१० मिमी बाहेर काढा, आणि कपाटाच्या १८ मिमीच्या बाजूंत खाचा पाडून तो त्यात सरकवा. खाच ७ मिमीची ठेवा, घट्ट बसवू नका, कारण पावसाळ्यात प्लाय थोडा फुगतो आणि ड्रॉवर अडकून बसतो. कडांना मेणबत्तीचं मेण चोळलं की बोटाने सरकतो. खाचा दर तीन इंचांवर पाडल्या तर ड्रॉवर पुढे खालीवर हलवता येतात, आणि जाड हत्यारासाठी एक खाच सोडून देता येते. आत फोम घालू नका. त्यात ओल धरून राहते. मेण लावलेला साधा प्लाय उत्तम.

पटाश्यांना ड्रॉवर नको. कामाच्या टेबलाच्या मागच्या कडेला खाचा पाडलेली एक पट्टी लावा आणि समोरून दुसरी पट्टी मारून पाती झाका, म्हणजे घाईत हात गेला तरी कापणार नाही. ६, १२, १८, २५ अशी चढती मांडणी ठेवा, पण अधूनमधून मोकळ्या खाचा सोडा. नवीन १० मिमीची पटाशी आली तर सगळ्या सरकवायला लागू नयेत. भिंतीवरही एक तृतीयांश जागा रिकामी दिसली तरी तिथे काही टांगायचं नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर छत्र्या येतात. रंधा फळीवर सरळ ठेवायचा की कुशीवर, यावर सुतार जन्मभर भांडतील. खाली पुढच्या बाजूला पातळ लाकडी पट्टी ठोकली की पातं अधांतरी राहतं आणि भांडण मिटतं. लोहचुंबकाची पट्टी दिसायला देखणी, पण पोलाद हळूहळू चुंबकीय होतं आणि पटाशीच्या धारेला लोखंडी कीस चिकटायला लागतो.

आता पावसाळा, आपल्याकडचा खरा शत्रू. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर गंज झपाट्याने धरतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्यात ती त्याच्या बरीच वर असते. उघड्या भिंतीवर ओल शोषणारं सिलिका जेल ठेवून काहीच होत नाही, ते फक्त घट्ट बंद होणाऱ्या डब्यात चालतं. डब्ल्यूडी-४०चा फवारा पाणी हटवायला चांगला, महिनोन् महिने राखायला नाही. शिवणयंत्राच्या तेलाचं फडकं रोज हात पुसायला नाही, काम झाल्यावर हत्यार पुसायला ठेवा. घामाचे ठसे सगळ्यात आधी गंजतात. खाद्यतेल वापरू नका, चिकट होतं. पटाश्या चामड्याच्या म्यानात ठेवू नका, कमावलेल्या चामड्यातले क्षार गंज आणतात. बंद कपाटात जुना झीरोचा बल्ब लावला तर आतली हवा किंचित गरम राहून ओल कमी होते. नावाला झीरो, खातो १२-१५ वॅट, म्हणूनच उपयोगी. एलईडीचा चालणार नाही. बल्बपासून लाकूड आणि फडकं मात्र लांब ठेवा.

आणि तुमचा पत्ता समाचा आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराने काय केलं, ते तुम्हाला सांगायला नको. जड ते खाली ठेवतात, पण तुम्ही खाली फक्त सी-क्लॅम्प, घण, पहार असलं भिजलं तरी पुसून चालणारं ठेवा. धारेची हत्यारं आणि मापाची साधनं छातीच्या उंचीवर. वर सांगितलेले ड्रॉवर पूर्ण बाहेर निघतात, त्यामुळे पाणी यायच्या आधी एकेक उचलून पहिल्या मजल्यावर नेता येतात. चाकांची ट्रॉली भरलेली असेल तर ती जिना चढणार नाही.

तरीही ट्रॉली घ्यायचीच असेल तर दुकानात सगळ्यात वरचा ड्रॉवर पूर्ण उघडून त्याची आतली खोली मोजा. तो दोन-तीन इंचांचा असेल आणि पूर्ण बाहेर निघत असेल, तरच पुढचं बोला.